तणशीतली लोंबी

धानाची मळणी आटोपली की आमच्या घरामागच्या वाडीत तणशीचा ढीग लागतो. यंदा त्या ढिगाच्या उबेला एका गावठी कुत्रीनं आसरा घेतला आणि कार्तिकाच्या शेवटी तिला पाच पिल्लं झाली. माझा दुसरीतला मुलगा शाळेतून आला की दप्तर सपरीत टाकून थेट वाडीत पळायचा. पण त्याच्या मनातला कुत्रा वेगळाच होता. निळ्या डोळ्यांचा, केसाळ हस्की. मोबाइलमध्ये पाहिलेला. नागपूरला राहणाऱ्या त्याच्या काकांनी तो आणून देतो असं कबूलही केलं होतं.

माझं माहेर नाशिकचं. नागझिऱ्याच्या जंगलाला लागून असलेल्या या गावात नांदायला आले, त्याला दहा वर्षं झाली. कुत्रं ना माहेरी होतं, ना इथे. मामाजी मात्र (इकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात) सगळी नोकरी जनावरांतच घालवून निवृत्त झालेले. पशुधन पर्यवेक्षक म्हणून देवरी, सालेकसा, सडक अर्जुनी असे तालुके त्यांनी सायकलवर आणि मग मोटरसायकलवर पालथे घातले. एका रविवारी सकाळी ते सपरीत उन्हाला बसलेले असताना मी विषय काढला.

"मामाजी, हस्की आणावा का?"

त्यांनी लगेच उत्तर दिलं नाही. आधी विचारलं, "बाई, मे महिन्यात दुपारी तू कुठं असतेस?"

"घरात. कूलरसमोर."

"आणि लाइन गेली की?"

"ओला टॉवेल डोक्यावर घेऊन बसते."

"तुला घाम तरी येते. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. पंजाच्या गादीला थोडा येते, तेवढाच. बाकी सगळी उष्णता त्याला जीभ बाहेर काढून, धापा टाकून फेकावी लागते. हस्कीच्या अंगावर केसांचे दोन थर असतात, सायबेरियातल्या बर्फात गाडी ओढायसाठी. आपल्याकडे पारा 44-45 वर गेला म्हणजे तो जीव काय करणार? मी असे कुत्रे पाहिले आहेत. दिवसभर मोरीतल्या ओल्या फरशीवर पोट टेकवून पडून राहतात."

"मग पग? लहानसा असतो. केसही आखूड."

"त्याचं नाक पाहिलं? चपटं नाक म्हणजे श्वासाची वाट आखूड, अरुंद. ज्या धापेवर कुत्र्याचा जीव तगतो, तीच त्याला धड टाकता येत नाही. उन्हात पळवला की कोसळला. तसं कुठलंही कुत्रं उन्हानं पडलं तर एक लक्षात ठेव. सावलीत न्यायचं, अंगावर साधं थंड पाणी ओतत राहायचं, वारा घालायचा आणि दवाखाना गाठायचा. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी ओतायचं नाही, श्वासनलिकेत जाते."

मी लॅब्रेडॉरचं नाव घेतलं. तो इथे निभतो, ते म्हणाले, पण खादाड असतो, लठ्ठ होतो, कंबरेच्या सांध्याचं दुखणं त्या जातीत फार. त्याला रोज तासभर फिरवणारं माणूस घरात हवं. मग मी आपल्याच देशातल्या जातीचं विचारलं. मुधोळ कुत्र्याबद्दल मी वाचलं होतं. कर्नाटकातलं मुधोळ, आपल्या मराठवाड्यात, सोलापूरकडे त्यालाच कारवानी म्हणतात. 2016 मध्ये भारतीय लष्करानं मुधोळची पिल्लं मेरठच्या केंद्रात प्रशिक्षणासाठी नेली होती.

"उत्तम कुत्रा," मामाजी म्हणाले. "उन्हाला चिवट, आजारपण कमी. पण तो नजरेनं शिकार करणारा. काही हललं की सुटला. उघड्या माळरानात ठीक आहे. आपल्या दारातून शंभर पावलांवर जंगल लागते. चितळाचं पाडस दिसलं की तो तुझ्या हाकेला थांबणार नाही, आणि मग वनखात्याचा माणूस दारात येईल, त्याचं चुकणारही नाही. कुत्रा घ्यायचा तर आधी आपलं गाव पाहावं. आपल्या गावात उन्हाळा आहे, जंगल आहे, कोंबड्या-बकऱ्या आहेत. घरात एक लहान पोट्टा आहे. या सगळ्यांत बसणारा कुत्रा तुझ्या वाडीतच आहे, अन् तू नागपूरकडे पाहून राहिली."

मला तेव्हा वाईट वाटलं, ते माझ्याच मनातल्या एका गोष्टीचं. गावठी कुत्रं म्हणजे पाळण्यासारखं नव्हे, ही समजूत मी न तपासता बाळगली होती. आपण ज्याला गावठी म्हणतो, त्याला माणसानं रंगरूपासाठी घडवलेलं नाही. इथल्याच ऊन-पावसानं, इथल्याच रोगांनी पिढ्यान् पिढ्या निवडून घेतलेलं ते कुत्रं आहे. आखूड केस, उभे कान, सडपातळ अंग, लांब पाय. प्रत्येक गोष्टीला इथल्या हवेत कारण आहे.

आम्ही तिघं वाडीत गेलो. मामाजींनी मुलाला पहिली गोष्ट शिकवली: आई असताना पिल्लाला हात लावायचा नाही. त्यांनी भाकरीचा तुकडा दूर टाकून कुत्रीला बाजूला बोलावलं आणि तीच आधी नीट पाहिली.

"पिल्लू निवडताना आईला पाहावं," ते मला म्हणाले. "ही आपल्याला पाहून पळाली नाही, अंगावरही आली नाही. दुरून पाहून राहिली. असा स्वभाव चांगला. पिल्लांत आईचा स्वभाव रक्तानंही उतरते आणि पाहूनही उतरते. आई भेदरट असली तर पिल्लं माणसाला घाबरायला तिच्यापासूनच शिकतात."

मग आम्ही जमिनीवर बसून राहिलो. मामाजींनी हलकेच चुटकी वाजवली. एक तांबडं पिल्लू ढिगात घुसलं ते बाहेरच येईना. एक काळं-पांढरं धावत येऊन मुलाच्या चपलेला लोंबकळलं, भावंडांवर चढलं, त्यांचे कान ओढायला लागलं. आणि पिकल्या धानाच्या रंगाचं एक पिल्लू थांबलं, वास घेतला, चार पावलं पुढं आलं, पुन्हा वास घेतला आणि मामाजींच्या पायाशी बसलं. त्यांनी ते उचलून तळहातावर उताणं धरलं. थोडं वळवळलं, मग शांत झालं.

"हे," ते म्हणाले. "लपून बसलेलं वाईट नसते, पण त्याला फार जपावं लागते. लहान मुलाच्या घरात ते नको. दांडगं असते त्याला दिवसभर काम देणारा मालक पाहिजे. आपल्याला मधलं हवं. आता हिचे डोळे पाहा, चिपडं नाहीत. नाक वाहत नाही. हिरड्या गुलाबी. पोट मात्र टम्म आहे. जंत आहेत. त्याचं औषध आहे."

"हिचे? मादी आहे?"

"मादीच घ्यावी. गावात लोक नर उचलतात आणि मादी पिल्लं तशीच टाकून देतात, म्हणून रस्त्यावर मादी वाढतात, अन् त्यांच्या पोटी पुन्हा पाच-सहा. भाद्रपदात माजावर येतात, साधारण 63 दिवसांत व्यातात. धान कापायच्या दिवसांत गावभर पिल्लंच पिल्लं दिसतात, ती याच हिशेबानं. आपण एक मादी घेऊन तिची नसबंदी केली, तर पुढची सगळी रांग थांबते. शिवाय स्तनाच्या गाठी, गर्भाशयात पू होणं हे मादीचे मोठे आजार. वेळेत नसबंदी केली तर गर्भाशयाचा तो आजार होत नाही आणि गाठींचा धोकाही पुष्कळ कमी होते."

मुलानं तिचं नाव तिथंच ठेवलं. लोंबी. धानाच्या लोंबीचा रंग तिचा. मामाजींना नाव आवडलं. दोन अक्षरांचं, जोरात हाक मारता येणारं आणि 'बस', 'थांब' अशा कुठल्याच हुकमाशी गल्लत न होणारं.

तेवढ्यात ते घडलं. लोंबीनं खेळता खेळता मुलाचं बोट तोंडात धरलं. पिल्लाचे दुधाचे दात सुईसारखे असतात. बारीकसं रक्त आलं. मी म्हणाले, काही नाही, हळद लावू. मामाजी एक शब्द न बोलता त्याला नळावर घेऊन गेले. साबण लावला आणि बोट वाहत्या पाण्याखाली धरलं. घड्याळात पाहून 15 मिनिटं. मुलगा रडायला लागला, तरी सोडलं नाही.

"एवढ्याशा पिल्लानं?" मी विचारलं.

"पिल्लाला लस नाही. त्याच्या आईला लस नाही. रेबीजचा विषाणू लाळेतून येते, तो वय पाहत नाही. साबणानं त्याचं वरचं कवच फुटते, म्हणून हे धुणं म्हणजे अर्धं औषध आहे. हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही. जखम चोळून विषाणू आणखी आत ढकलल्यासारखं होते. बांधायचीही नाही. आता गाडी काढ, दवाखान्यात जाऊ."

"आणि रोग झाला तर औषध?"

ते क्षणभर थांबले. "लक्षणं दिसायला लागली की जगात कुठंच औषध नाही, बाई. पाण्याची भीती सुरू झालेला माणूस वाचत नाही, असंच धर. बहुधा एक ते तीन महिन्यांत लक्षणं येतात, कधी कधी त्याहून उशिरा. आपल्या हातात असते ते फक्त त्याच्या आधीचं."

ग्रामीण रुग्णालयात डॉक्टरांनी सांगितलं की रक्त आलं म्हणजे चावा तिसऱ्या प्रकारात धरतात. लसीबरोबर जखमेत सीरमही टोचावं लागतं. लस दोन्ही दंडांत कातडीच्या थरातच अगदी थोडी थोडी. आजचा दिवस शून्य धरून पुढे 3, 7 आणि 28 व्या दिवशी. सरकारी दवाखान्यात हे सगळं मोफत. मला लहानपणी ऐकलेली पोटातली चौदा इंजेक्शनं आठवली. परत येताना मामाजींनी त्याची गोष्ट सांगितली. मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली ती जुनी लस. डेव्हिड सेम्पल या डॉक्टरनं 1911 मध्ये हिमाचलातल्या कसौलीला ती तयार केली. तिचे त्रास फार होते, म्हणून 2004 च्या शेवटी भारतात तिचं उत्पादन बंद झालं. पण पोटातल्या सुयांची भीती अजून गावात आहे. ज्या आईबापांनी ती लस पाहिली, ते अजूनही मुलांना दवाखान्याऐवजी मांत्रिकाकडे नेतात. मामाजींचा आवाज यावर चढला. नोकरीत असताना सालेकसा भागातलं एक मूल त्यांनी असं गेलेलं पाहिलं होतं. त्याबद्दल ते जास्त बोलले नाहीत.

त्या रात्री मुलगा झोपल्यावर मी म्हणाले, "मामाजी, मला आता भीती वाटते. कुत्रं नकोच."

"नीट आणलेलं कुत्रं हवंच," ते म्हणाले. "लस घेतलेलं, माणसाळलेलं एक कुत्रं अंगणात असणं ही सगळ्यात मोठी राखण. आता हिशेब ऐक."

ते कालनिर्णयचं पान घेऊन बसले. लोंबी तेव्हा पाच आठवड्यांची होती. आठ आठवडे पूर्ण होईपर्यंत तिला आईजवळून हलवायचं नाही, ही त्यांची पहिली अट. "तू पाहिलं ना, ती चावली तेव्हा तिला कळलंच नाही की दुखते. हे तिला भावंडं शिकवतात. जोरात चावलं की दुसरं केकाटते, खेळ थांबते. आई एकदा दटावते. लवकर उचललेलं पिल्लू हा धडा घेऊन येत नाही, मग ते आपल्या हातांवर शिकते." वय ओळखायची खूणही त्यांनी सांगितली. तिसऱ्या आठवड्यात दुधाचे दात फुटायला लागतात, आठव्यापर्यंत अठ्ठावीसही येतात. सहा-सात महिन्यांत ते पडून पक्के 42 येतात. मधल्या काळात पिल्लू जे मिळेल ते चावतं. तेव्हा चपला वर ठेवायच्या आणि त्याला ओल्या फडक्याची गाठ द्यायची.

जंताचं औषध लगेच, मग दर पंधरा दिवसांनी तीन महिन्यांची होईपर्यंत, पुढं सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला. सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान एकत्रित लसीचा पहिला डोस. त्यात डिस्टेंपर, पार्व्हो, कावीळ हे सगळं येतं. मग दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवडे भरेपर्यंत. रेबीजची लस तीन महिने पूर्ण झाल्यावर, आणि पुढं दरवर्षी.

"एवढ्या वेळा का? एकदा टोचून का भागत नाही?"

"आईच्या पहिल्या दुधातून पिल्लाला जी ताकद मिळते, ती काही आठवडे रक्तात असते आणि तीच लसीलाही अडवते. ती कोणत्या दिवशी संपेल ते प्रत्येक पिल्लाचं वेगळं. म्हणून पुन्हा पुन्हा टोचायचं, म्हणजे ती संपल्यावरचा एक डोस तरी लागू पडते. लोक पहिला डोस देऊन थांबतात आणि तीन महिन्यांचं पिल्लू रक्ताची हगवण लागून दोन दिवसांत जाते. पार्व्हो. तो विषाणू जमिनीत महिनोन् महिने टिकते. ज्या अंगणात एक पिल्लू त्यानं गेलं, तिथं वर्षभर दुसरं आणू नये."

मला एक अडचण दिसली. मी कुठंतरी वाचलं होतं की पिल्लाला लहानपणीच जग दाखवावं. लसी पूर्ण होईपर्यंत बाहेर न्यायचं नाही म्हणजे चार महिने घरात कोंडायचं?

मामाजींचा चेहरा उजळला. हा त्यांचा खास विषय. "बरोबर विचारलंस. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बारा-चौदा आठवड्यांपर्यंत पिल्लाच्या मेंदूचं दार उघडं असते. अमेरिकेत स्कॉट आणि फुलर या दोघांनी वर्षानुवर्षं पिल्लं वाढवून हे पाहिलं, 1965 मध्ये त्यांचं पुस्तक आलं. या दिवसांत जे जे पिल्लाला निवांतपणे भेटलं, ते त्याचं घरचं होते. जे नाही भेटलं, त्याला ते आयुष्यभर भुंकते. काठीवाला म्हातारा, डोक्यावर भारा घेतलेली बाई, छत्री, ट्रॅक्टर, शाळेतली पोट्टी. कुत्रं रस्त्यावरच्या माणसाला चावते ते बहुतेक वेळा रागानं नाही, भीतीनं."

"मग रोग आणि जग, दोन्ही कसं सांभाळायचं?"

"टोपलीत. तिचे पाय रस्त्याला लागू द्यायचे नाहीत. टोपलीत घालून बाजारात न्यायची, मांडीवर घेऊन बसायचं. पोस्टमन आला की तिला त्याच्या हातून खाऊ द्यायचा. शेजारच्या कोंबड्या दुरून दाखवायच्या. रोज एक नवीन गोष्ट, थोडा वेळ, आणि ती घाबरायच्या आत घरी. मी कितीतरी कुत्र्यांना टोचलं आहे. ज्याला लहानपणी टोपलीतून फिरवलं, त्याला टोचताना तोंड बांधावं लागलं नाही."

या एका गोष्टीवर माझा इतका विश्वास बसला की मी दुसऱ्याच दिवशी बुरडाकडून एक खोल टोपली आणली.

शिकवण्याबद्दल मी विचारलं तेव्हा मला वाटलं होतं, ते शिस्तीचं काही सांगतील. त्यांनी सुरुवात घरापासून केली. "लोंबीला शिकवायच्या आधी घरातल्या पाच माणसांनी शब्द ठरवायचे. तू 'बस' म्हणशील, नवरा 'सिट' म्हणेल, तुझी सासू 'बैस वं' म्हणेल. कुत्र्याला भाषा येत नाही, आवाज येते. एका कामाला एक आवाज. 'बस', 'ये', 'थांब', 'सोड'. चार पुरे."

"आणि शिकवायचं कसं?"

"खाऊचा तुकडा तिच्या नाकासमोरून डोक्यावरून मागं ने. मान वर गेली की बूड आपोआप खाली टेकते. टेकलं त्या क्षणाला 'बस' म्हण आणि तुकडा दे. त्याच क्षणाला. तू डबा उघडायला गेलीस तर तोवर ती उठून शेपटी हलवत असेल, आणि तुकडा शेपटीचा झाला. पाच मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. जास्त नाही. 'ये' हा शब्द तर सोन्यासारखा जपायचा. आंघोळ घालायला, साखळीत बांधायला, रागवायला 'ये' म्हणून कधी बोलवायचं नाही. आपल्याकडे येणं नेहमी चांगलंच असते, असं तिला वाटलं पाहिजे."

"घरात शी-शू केली तर? नाक घासतात म्हणे त्यात."

"नाक घासून तिला एकच कळते, हे लोक मला पाहतात तेव्हा करू नये. मग ती कपाटामागं करते. पिल्लू झोपून उठलं की, खाल्लं की, खेळलं की तिला उचलून वाडीतल्या एकाच कोपऱ्यात न्यायचं. तिथं केलं की शाबासकी. घरात केलं तर चूक आपली, आपण वेळ हुकवली. पुसून टाकायचं, वास राहू द्यायचा नाही."

मारण्याचा प्रश्न मी विचारलाच नाही, त्यांनीच सांगितलं. काठी दाखवलेलं कुत्रं काठीवाल्या प्रत्येकाला शत्रू मानतं. दिवसभर साखळीत बांधलेलं कुत्रं चावरं होतं, कारण ते पळून जाऊ शकत नाही आणि भीतीला दुसरी वाट उरत नाही. आणि गुरगुरणं. हे त्यांनी मुलाला समोर बसवून सांगितलं.

"कुत्रं गुरगुरलं की ते तुला सांगून राहिलं आहे, बाळा, माझ्यापासून दूर हो. त्याआधीही ते सांगते. ओठ चाटते, जांभई देते, तोंड फिरवते, डोळ्याचा पांढरा भाग दाखवते. ते ऐकायचं. गुरगुरलं म्हणून मारलं तर ते गुरगुरणं सोडून देते, चावणं सोडत नाही. मग ते न सांगता चावते. ती जेवत असली, झोपली असली की हात लावायचा नाही. गळ्यात मिठी नाही. आणि शेपटी हलते म्हणजे खूशच आहे, असंही नाही. ताठ उभी शेपटी भरभर हलली तर थांबायचं."

मुलानं ते सगळं वहीत लिहून घेतलं. जांभईचं वाक्य त्यानं दोनदा लिहिलं.

खाण्याचं थोडक्यात. आपल्याकडे कुत्र्याला उरलासुरला भात आणि पेज घालतात; त्यानं पोट भरतं, हाडं भरत नाहीत. भातात उकडलेलं अंडं, शिजवून काटे काढलेली तलावाची मासोळी, डाळ, दही. मिठा-मसाल्याशिवाय. पिल्लाला चार वेळा, सहा महिन्यांनंतर दोन वेळा. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट कधीच नाही. शिजवलेलं कोंबडीचं हाड नाही, ते दातांखाली सुईसारखं फुटतं.

मग जंगलाचा विषय निघाला. मी नाशिकची, उसातल्या बिबट्यांच्या गोष्टींवर वाढलेली. विद्या अत्रेय यांनी अकोले तालुक्यात केलेल्या अभ्यासात, जो 2014 मध्ये प्रसिद्ध झाला, बिबट्याच्या आहारातला सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला होता. मी ते सांगितलं.

"इथंही तेच," मामाजी म्हणाले. "अंगणात साखळीनं बांधलेलं कुत्रं म्हणजे बिबट्याला ताटात वाढून दिल्यासारखं. दिवस मावळला की लोंबी दाराच्या आत. कोठ्यात ठेवली तर कोठ्याला दार पाहिजे. आणि तेंदूपानाला, मोहफुलाला जाताना तिला कधी बरोबर न्यायचं नाही. कुत्रं अस्वलावर भुंकते, अस्वल मागं लागते, अन् कुत्रं पळत येते ते आपल्याच पायाशी."

"म्हणजे जंगलापासून तिला वाचवायचं."

"आणि तिच्यापासून जंगलाला." ते थोडं पुढं सरकले. "नागझिऱ्यात रानकुत्री आहेत. आपण ढोल म्हणतो. पहाटे शिट्टीसारखी हाक देतात एकमेकांना. त्यांच्या टोळीत डिस्टेंपर शिरला तर टोळीच्या टोळी संपते. तो रोग त्यांना कुणाकडून जाईल? गावातल्या कुत्र्याकडून. एकाच पाणवठ्यावर तोंड घालतात, एकाच मेलेल्या जनावरावर येतात. आफ्रिकेत सेरेंगेटीला 1994 मध्ये डिस्टेंपरनं साधारण हजार सिंह मेले, तिथले एक तृतीयांश. आपल्याकडे गीरमध्ये 2018 च्या पावसाळ्याअखेर तीन आठवड्यांत 23 सिंह गेले, त्यांच्यातही तोच विषाणू सापडला. ढोलांना आपण लस टोचायला जाऊ शकत नाही. लोंबीला टोचू शकतो."

1970 मध्ये नागझिरा अभयारण्य झालं, 2013 मध्ये नवेगावसह व्याघ्र प्रकल्प झाला, हे मला ठाऊक होतं. माझ्या वाडीतल्या पिल्लाच्या दंडातली सुई त्या जंगलातल्या कुणाच्या तरी जगण्याशी जोडलेली आहे, हे मात्र ठाऊक नव्हतं. त्या रात्री मला बराच वेळ झोप लागली नाही.

तीन आठवडे आम्ही थांबलो. मुलगा रोज संध्याकाळी तणशीजवळ बसून यायचा, हात न लावता. तांबडं पिल्लू शेवटी ढिगाबाहेर आलं, ते माझ्या नणंदेनं आमगावला नेलं. दांडगं काळं-पांढरं गुराख्याच्या घरी गेलं. उरलेल्या दोघांसाठी मी शाळेतल्या पालकांना विचारून ठेवलं. लोंबीचा पहिला डोस झाला, दुसऱ्याची तारीख मामाजींनी कालनिर्णयवर तांबड्या शाईनं गोल करून ठेवली. शेवटच्या रविवारी आम्ही टोपली घेऊन वाडीत गेलो. टोपलीत त्यांनी तिच्या आईच्या अंगाखालची मूठभर तणस घातली. नव्या जागेत पहिल्या रात्री तिला आईचा वास यावा म्हणून.

कुत्री ढिगाशी उभी राहून पाहत होती. तिच्या बरगड्या दिसत होत्या.

"मामाजी, हिचं काय?"

त्यांनी पिशवीतून लसीची थंड कुपी काढली. डॉक्टरांकडून ती ते त्या सकाळीच बर्फात ठेवून घेऊन आले होते, आणि डॉक्टर स्वतः मागोमाग येत होते. "हिला आधी टोचायचं," ते म्हणाले. "दूध आटलं की महिन्याभरात नसबंदी. तोवर दोन वेळा भात आपल्या घरचा. भाकरी दे इकडं, तिला जवळ बोलवू."